नायट्रोजिनेज वाचावे कसे: आधी इलेक्ट्रॉनचा हिशेब, मग रेणूचे चित्र

परभणी, हिंगोली, लातूर या पट्ट्यात सोयाबीन पेरताना बियाण्याला रायझोबियम चोळणे आता रूढ झाले आहे, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची जिवाणू खते पेरणीच्या तोंडावर शेतकरी घेऊन जातात. त्या पाकिटातला किंवा बाटलीतला जिवाणू मुळावरच्या गाठीत जाऊन हवेतला नत्र बांधतो, हे शाळेतच शिकवले जाते. पण ते काम ज्या विकराकडून (एन्झाइमकडून) होते, त्या नायट्रोजिनेजची रचना पदव्युत्तर वर्गातही बहुधा एका रंगीत आकृतीवर आटोपली जाते. जैवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा मृदाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे लोह-गंधक विकर स्वतः संगणकावर उघडून, मोजमाप घेऊन समजून घेता यावे, यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

सुरुवात चित्रापासून करू नये. रंगीबेरंगी फितींचे चित्र पाहणाऱ्याला या विकरात तीन हजारांच्या आसपास अमिनो आम्ले दिसतात आणि नेमके कुठे बघावे ते कळत नाही. त्याऐवजी वहीच्या पहिल्या पानावर अभिक्रिया लिहावी: नायट्रोजनचा एक रेणू, आठ प्रोटॉन, आठ इलेक्ट्रॉन आणि सोळा एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन; खर्च झाले की त्याचे एडीपी आणि फॉस्फेट होतात) यांच्यापासून अमोनियाचे दोन रेणू, हायड्रोजनचा एक रेणू, सोळा एडीपी आणि सोळा फॉस्फेट तयार होतात. या ओळीखाली तीन प्रश्न लिहून ठेवावेत. नायट्रोजनच्या एका रेणूचे दोन अमोनिया करण्यास सहा इलेक्ट्रॉन पुरतात, मग आठ का लागतात? सामान्य तापमानाला हायड्रोजन आणि नायट्रोजन यांच्यापासून अमोनिया होणे ऊर्जेच्या दृष्टीने उताराचेच आहे, मग सोळा एटीपी कशावर खर्च होतात? आणि ज्या तिहेरी बंधाची ऊर्जा मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल आहे, ज्यासाठी खताच्या कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि दीडशेहून अधिक वातावरणांचा दाब लागतो, तो बंध जिवाणू शेतातल्या तापमानाला नेमका कोणत्या अणूवर सैल करतो? पुढे रचनेतले जे जे पाहायचे, ते या तीन प्रश्नांपैकी एकाच्या खात्यावर टाकावे. खतावणीत जसा प्रत्येक रुपया कुठून आला आणि कुठे गेला हे दाखवावे लागते, तसा प्रत्येक इलेक्ट्रॉन दाखवता आला पाहिजे.

साधने फारशी लागत नाहीत. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या संग्रहाच्या संकेतस्थळावरच रचना फिरवून पाहण्याची सोय आहे आणि ती साध्या लॅपटॉपवर चालते. अधिक मोजमापे घ्यायची असतील तर शिक्षणासाठी मोफत मिळणारे कायमेरा-एक्स वापरावे. महाविद्यालयात इंटरनेटचा भरवसा नसेल, तर तीन फाइली एकदाच उतरवून ठेवाव्यात: ‘२ एन आय पी’, ‘३ यू ७ क्यू’ आणि ‘१ एन २ सी’. तिन्ही रचना ॲझोटोबॅक्टर व्हिनेलँडी या मुक्तजीवी जिवाणूच्या विकराच्या आहेत. आपल्याकडे ज्वारी-कापसाला ॲझोटोबॅक्टरच्या एका भाऊबंदाची बीजप्रक्रिया होते, त्यामुळे हा जीव अगदीच परका नाही. मात्र सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू ब्रॅडीरायझोबियम आहे, आणि हा फरक शेवटी पुन्हा उपयोगी पडणार आहे.

नायट्रोजिनेज दोन प्रथिनांचे मिळून होते: इलेक्ट्रॉन आणून देणारे लोह-प्रथिन आणि नायट्रोजन बांधणारे मॉलिब्डेनम-लोह प्रथिन. पहिली फाइल लोह-प्रथिनाची आहे. हे दोन सारख्या उपघटकांचे बनलेले असून दोघांच्या सांध्यावर, वरच्या टोकाला, चार लोह आणि चार गंधक यांचा एकच घनाकृती समूह बसलेला असतो. समूह निवडून त्याच्या भोवतीचे ५ ॲंगस्ट्रॉमच्या (एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आतले अवशेष, म्हणजे साखळीतील अमिनो आम्ले, दाखवावेत; नावापुढचा आकडा म्हणजे साखळीतील क्रमांक. सिस्टीन ९७ आणि सिस्टीन १३२ दिसतील, प्रत्येक उपघटकातून एकेक जोडी. म्हणजे दोन उपघटकांना एकत्र धरून ठेवणारा दुवा हा समूहच आहे, आणि उपघटक एकमेकांच्या तुलनेत हलले तर समूहालाही हलावे लागणार, हे मोजमापाआधीच लक्षात येते. एटीपी बसण्याच्या दोन जागा मात्र समूहाला चिकटलेल्या नाहीत, बऱ्याच खाली आहेत. जी ऊर्जा इलेक्ट्रॉनसाठी वापरायची ती इलेक्ट्रॉनपासून इतकी दूर का ठेवली असावी, हा प्रश्न वहीत लिहून पुढे जावे.

दुसरी फाइल मॉलिब्डेनम-लोह प्रथिनाची. चार साखळ्या दिसतील: ए आणि सी या अल्फा, बी आणि डी या बीटा. एक अल्फा आणि एक बीटा मिळून एक अर्धा भाग होतो आणि दोन्ही अर्धे सारखे असतात, म्हणून फक्त ए आणि बी ठेवून बाकीच्या साखळ्या लपवाव्यात. निम्मा गोंधळ तिथेच संपतो. मग फिती पुसट करून केवळ धातूसमूह ठळक करावेत. अल्फा आणि बीटा यांच्या सांध्यावर पी-क्लस्टर दिसेल, आठ लोह आणि सात गंधक असलेला. त्याला अल्फाकडून सिस्टीन ६२, ८८ व १५४ आणि बीटाकडून ७०, ९५ व १५३ धरतात. अल्फाच्या पोटात, पूर्णपणे प्रथिनाने वेढलेला, लोह-मॉलिब्डेनम सहघटक दिसेल, ज्याला प्रयोगशाळेत सगळे फेमोको म्हणतात. यादीत तो ‘आय सी एस’ या सांकेतिक नावाने आणि त्याला जोडलेले होमोसायट्रेट हे सेंद्रिय आम्ल ‘एच सी ए’ या नावाने सापडते. पी-क्लस्टरचे सांकेतिक नाव त्याच्या ऑक्सिडीकरणाच्या अवस्थेनुसार बदलते, तेव्हा तो नावावरून न शोधता आठ लोह आणि सात गंधक या वर्णनावरून शोधावा.

आता अंतरे मोजावीत. पी-क्लस्टरच्या कडेपासून फेमोकोच्या कडेपर्यंतचे अंतर साधारण १४ ॲंगस्ट्रॉम येते, म्हणजे प्रथिनातून इलेक्ट्रॉन एका उडीत पार करू शकतो अशा मर्यादेत. दुसऱ्या अर्ध्या भागातील फेमोको मात्र सुमारे ७० ॲंगस्ट्रॉम दूर आहे, तेथे थेट उडी शक्य नाही. त्यामुळे दोन अर्धे आपापले इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे हाताळतात, असे गृहीत धरून हिशेब मांडता येतो. लोहाचीही मोजदाद करून टाकावी: प्रत्येक अर्ध्यात आठ आणि सात मिळून पंधरा, दोन्हींत तीस, आणि दोन बाजूंना दोन लोह-प्रथिने बसली की आणखी आठ, म्हणजे या समूहांतच एकूण ३८ लोह अणू. मराठवाड्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सामू ८ च्या आसपास असल्याने मॉलिब्डेनम पिकाला तुलनेने सहज मिळते, पण लोह अडकून राहते. पाने पिवळी पडल्यावर हिराकस फवारणाऱ्या शेतकऱ्याला ते ठाऊकच असते. लोहाची कमतरता केवळ हरितद्रव्यापुरती नसून गाठींनाही भोवते, याचे कारण या ३८ च्या आकड्यात आहे.

फेमोकोवर मात्र घाई करू नये. पूर्ण एक बैठक त्याच्यासाठी ठेवावी. समूह आडवा धरला तर एका टोकाला एक लोह अणू दिसतो, ज्याला अल्फा सिस्टीन २७५ धरते, आणि दुसऱ्या टोकाला मॉलिब्डेनम, ज्याला अल्फा हिस्टिडीन ४४२ आणि होमोसायट्रेट धरतात. एवढ्या मोठ्या समूहाला प्रथिनाचे धरणारे हात फक्त दोन, ही गोष्ट पी-क्लस्टरच्या सहा सिस्टीनांशी ताडून पाहावी. मधल्या भागात सहा लोह अणूंचा त्रिकोणी प्रचिन (प्रिझम) आहे, त्याच्या कमरेला तीन गंधक पूल बांधतात, आणि प्रचिनाच्या बरोबर मध्यभागी एक कार्बन अणू बसलेला आहे, सहाही लोहांपासून सुमारे २ ॲंगस्ट्रॉमवर.

या कार्बनची कथा रचना वाचणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी, कारण फाइलीतील अणू आणि क्ष-किरणांतून मोजलेली इलेक्ट्रॉन घनता या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे तिच्यातून जितके स्पष्ट होते तितके अन्य कशातूनही होत नाही. १९९२ मध्ये पहिली रचना प्रसिद्ध झाली तेव्हा हा मध्यभाग रिकामा दाखवला होता. क्ष-किरणांचे विभेदन (जवळचे अणू वेगळे दिसण्याची बारकाई; आकडा जितका लहान तितकी ती जास्त) मर्यादित असले की जड अणूंभोवती घनतेचे खोटे तरंग उमटतात. सहा लोह आणि नऊ गंधक यांचे तरंग नेमके केंद्रात एकत्र येऊन वजाबाकी करत होते, आणि हलक्या अणूची खरी घनता त्यात झाकली गेली होती. २००२ मध्ये विभेदन १.१६ ॲंगस्ट्रॉमपर्यंत सुधारले तेव्हा मध्ये काहीतरी आहे हे दिसले, पण ते नायट्रोजन, ऑक्सिजन की कार्बन हे ठरेना. नायट्रोजन बांधणाऱ्या विकराच्या मध्यात नायट्रोजनच असणार, असे अनेकांना वाटणे स्वाभाविक होते. २०११ मध्ये १ ॲंगस्ट्रॉम विभेदनाची रचना, म्हणजे आपण उघडलेली हीच फाइल, आणि क्ष-किरण उत्सर्जन वर्णपटाचा स्वतंत्र पुरावा एकाच वेळी पुढे आले व कार्बन निश्चित झाला. पुढच्याच वर्षी तो कार्बन एस-ॲडेनोसिल मिथिओनिन या पेशीतील मिथिल पुरवणाऱ्या रेणूच्या मिथिल गटातून येतो हेही दाखवले गेले. म्हणून फाइल उघडल्यावर केवळ अणूंचे गोळे न पाहता इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशाही चालू करावा आणि विभेदनाचा आकडा वहीत रचनेच्या नावाशेजारीच लिहावा.

नायट्रोजन कुठे बसतो हे शोधताना मॉलिब्डेनमकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, कारण प्रथिनाच्या नावातच तो आहे. पुरावे मात्र कमरेकडे, लोह क्रमांक २ आणि ६ यांच्याकडे बोट दाखवतात. या दोघांना जोडणाऱ्या गंधकाला फाइलीत ‘एस २ बी’ म्हणतात. त्याच्या परिसरातील अल्फा व्हॅलिन ७० आणि अल्फा हिस्टिडीन १९५ दाखवून अंतरे घ्यावीत. व्हॅलिनच्या जागी थोडा मोठा आयसोल्युसीन घातला की या बाजूने येणाऱ्या रेणूंना अडथळा होतो, हा उत्परिवर्तनाचा पुरावा या चित्रात सहज समजतो. २०१४ मध्ये कार्बन मोनॉक्साइडने अडवलेल्या विकराची रचना मिळाली तेव्हा नेमका हाच गंधक निघून गेला होता, त्याच्या जागी कार्बन मोनॉक्साइड दोन लोहांमध्ये बसला होता, आणि तो काढून घेतल्यावर गंधक परत आला होता. घट्ट वाटणारा समूह काम करताना स्वतःचा एक अणू बाजूला सारू शकतो, ही माझ्या मते या विकराबद्दलची गेल्या काही दशकांतील सर्वांत अनपेक्षित बाब आहे.

त्यानंतर कार्यपद्धतीचे पान. वहीत आडव्या रांगेत ई-० पासून ई-८ पर्यंत नऊ चौकटी काढाव्यात. हा आराखडा १९८० च्या दशकात लोव आणि थॉर्नली यांनी मांडला आणि आजही तोच वापरला जातो. प्रत्येक चौकट म्हणजे फेमोकोवर जमा झालेला आणखी एक इलेक्ट्रॉन आणि त्याच्यासोबतचा एक प्रोटॉन. लोह-प्रथिन एका भेटीत एकच इलेक्ट्रॉन देते आणि त्यासाठी दोन एटीपी खर्च होतात, म्हणून आठ भेटी आणि सोळा एटीपी हा आकडा चौकटी मोजूनच मिळतो, पाठ करावा लागत नाही. ई-२, ई-३ आणि ई-४ यांच्याखाली मागे जाणारे बाण काढावेत, कारण या अवस्थांतून हायड्रोजनचा रेणू सुटून समूह दोन पायऱ्या मागे घसरू शकतो. नायट्रोजन नसेल तर सगळे इलेक्ट्रॉन असेच वाया जातात.

ई-४ ही चौकट मोठी काढावी. येथे चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन जमलेले असतात आणि त्यांपैकी दोन प्रोटॉन व चारही इलेक्ट्रॉन मिळून दोन हायड्राइड बनलेले असतात, जे लोहांच्या जोड्यांमध्ये पुलासारखे बसतात. व्हॅलिन ७० बदललेल्या विकरात ही अवस्था गोठवून पकडण्यात आली, तेव्हाच तिचे स्वरूप कळले. आता नायट्रोजन जवळ आला की दोन हायड्राइड एकमेकांशी जोडून हायड्रोजनचा रेणू म्हणून बाहेर पडतात, आणि मागे अतिशय क्षपित झालेले, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेले, लोह उरते, जे नायट्रोजनचा तिहेरी बंध सैल करण्याइतके समर्थ असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे: दोन जादा इलेक्ट्रॉन ही गळती नसून नायट्रोजन धरण्याची किंमत आहे. विद्यार्थ्याने हे केवळ मान्य न करता पुरावाही लिहावा. जड हायड्रोजन सोबत दिला तर तो विकराच्या उत्पादनात मिसळतो, पण नायट्रोजन हजर असेल तरच. म्हणजे हायड्रोजन जाणे आणि नायट्रोजन येणे या एकाच उलटसुलट होऊ शकणाऱ्या पायरीच्या दोन बाजू आहेत. ई-४ नंतरच्या चार पायऱ्यांत उरलेले इलेक्ट्रॉन दोन्ही नायट्रोजन अणूंना आळीपाळीने मिळतात की आधी एकालाच, यावर मतभेद आहेत. हायड्राझीन हेही या विकराला चालते, ही बाब आळीपाळीच्या बाजूने मांडली जाते. वहीत या चौकटींची कड तुटक रेषेने काढावी.

एटीपीचा प्रश्न तिसऱ्या फाइलीत सुटतो. या रचनेत एडीपी आणि ॲल्युमिनियम फ्लोराइड यांच्या साह्याने लोह-प्रथिन मॉलिब्डेनम-लोह प्रथिनावर बसलेल्या अवस्थेत अडकवले आहे. पहिल्या फाइलीतील लोह-प्रथिन याच्यावर ठेवून जुळवणी करावी; दोन उपघटक एकमेकांकडे वळलेले दिसतील आणि त्यांच्यातील घनाकृती समूह सुमारे ४ ॲंगस्ट्रॉम पुढे, पी-क्लस्टरच्या दिशेने सरकलेला दिसेल. दूर ठेवलेल्या एटीपीचे काम इलेक्ट्रॉनला थेट ढकलण्याचे नसून प्रथिनाचा आकार बदलून दोन समूहांना उडीच्या अंतरात आणण्याचे आहे. क्रमही येथेच नोंदवावा, कारण जुन्या पुस्तकांत तो उलटा सापडतो: आधी पी-क्लस्टर आपला इलेक्ट्रॉन फेमोकोला देतो, मग लोह-प्रथिन पी-क्लस्टरची उणीव भरून काढते, त्यानंतर एटीपीचे विघटन होते, फॉस्फेट सुटतो आणि शेवटी लोह-प्रथिन बाजूला होते. रिकामे झालेले लोह-प्रथिन जिवाणूत फेरेडॉक्सिन किंवा फ्लॅव्होडॉक्सिन या इलेक्ट्रॉनवाहक प्रथिनांकडून आणि परीक्षानळीत डायथायोनाइट या रसायनाकडून पुन्हा भरले जाते.

संगणकावरचे काम झाल्यावर शेतातली गाठ पाहावी. सोयाबीन फुलोऱ्यावर येताना रोप उपटू नये, कारण काळ्या मातीत गाठी तुटून मागे राहतात. कुदळीने ढेकळासकट काढून पाण्याच्या बादलीत भिजवावे आणि माती सुटू द्यावी. गाठ ब्लेडने कापली की आतून गुलाबी-लाल दिसली तर ती चालू आहे, हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचे दिवस भरले आहेत. हा गुलाबी रंग नायट्रोजिनेजचा नाही, हे येथे निक्षून सांगावे लागते. शुद्ध नायट्रोजिनेज गडद तपकिरी असते. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतील ऑक्सिजन बांधणाऱ्या प्रथिनाचा, ज्यातील लोह हीममध्ये (रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखे) असते. लोह-प्रथिनाचा घनाकृती समूह मोकळ्या हवेत मिनिटभरातच निकामी होऊ लागतो, पण सोळा एटीपी पुरवणाऱ्या श्वसनाला ऑक्सिजन हवाच असतो, म्हणून लेगहिमोग्लोबिन तो अत्यल्प प्रमाणात, बांधलेल्या रूपात पोहोचवते. ऑगस्टच्या झडीत शेतात पाणी साचून राहिले की ऑक्सिजनचे वावडे असलेले हे विकर खूश व्हायला हवे, प्रत्यक्षात ते थंडावते, याचे कारण एटीपीचा पुरवठा तुटतो.

विकर खरोखर किती चालते हे मोजायचे असेल तर ॲसिटिलीन चाचणी करावी; हेच विकर ॲसिटिलीनचे एथिलीन करते, त्यावर ती आधारलेली आहे. गाठी असलेली मुळे झाकणबंद कुपीत ठेवून आतील हवेच्या दहाव्या हिश्श्याएवढे ॲसिटिलीन सोडावे आणि अर्ध्या ते एका तासाने तयार झालेले एथिलीन गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजावे. सोबत दोन रिकाम्या तपासण्या हव्यात: एक कुपी ॲसिटिलीनशिवाय, कारण झाडाचे ऊतक स्वतःही एथिलीन सोडते, दुसरी मुळांशिवाय, कारण वायूतच अशुद्धी असू शकते. ॲसिटिलीन स्फोटक आहे, तेव्हा जवळ बर्नर किंवा ठिणगी नको. जास्त वेळ ठेवल्यास ॲसिटिलीनमुळेच गाठींची क्रिया मंदावते, म्हणून वेळ लांबवून आकडा मोठा करण्याचा प्रयत्न करू नये. आकड्याचे रूपांतर करतानाही खतावणी उघडावी: एका ॲसिटिलीनला दोन इलेक्ट्रॉन लागतात, एका नायट्रोजनला हायड्रोजनसह आठ, म्हणून सैद्धांतिक गुणोत्तर चारास एक. तीनास एक घेणाऱ्याने हायड्रोजनचे दोन इलेक्ट्रॉन विसरलेले असतात. प्रत्यक्षात हे गुणोत्तर पीक आणि परिस्थितीनुसार बदलते, त्यामुळे अहवालात एथिलीनचा मूळ आकडा द्यावाच.

ॲझोटोबॅक्टरच्या रचनेवरून ब्रॅडीरायझोबियमबद्दल विधान करताना अवशेषांचे क्रमांक जसेच्या तसे उचलू नयेत. दोन्ही जिवाणूंच्या प्रथिनांचे अनुक्रम युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसंग्रहावरून घेऊन एकाखाली एक जुळवावेत आणि सिस्टीन २७५, हिस्टिडीन ४४२, व्हॅलिन ७० यांच्या समोर कोणता अवशेष आणि कोणता क्रमांक येतो ते स्वतः लिहावे. नवी रचना प्रसिद्ध झाल्याचे वाचले तरी हीच सावधगिरी ठेवावी. २०२० मध्ये फेमोकोवर नायट्रोजन बसलेला दिसल्याचा दावा झाला आणि २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच घनतेतून तो अर्थ निघत नाही असे लेखी कळवले. अशा वेळी फाइल आणि नकाशा दोन्ही उतरवून ‘एस २ बी’ च्या जागेची घनता शेजारच्या दोन कमरेच्या गंधकांशी ताडून पाहावी, आणि विभेदन किती, नमुना कोणत्या स्थितीत गोठवला होता, या नोंदी आधी वाचाव्यात.